बाही लांब की आखूड

जबाब देणार: नाव ठाण्यात नोंदवले आहे, सुनेच्या सुरक्षिततेसाठी या प्रतीत गाळले आहे. वय ६४ वर्षे, काम घर सांभाळणे, राहणार मुलाच्या घरी, बाजारामागची गल्ली, दुसरा मजला.

मी वरील बाई आज ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, त्या घरात मुलगा, सून आणि मी असे तिघे राहत होतो. महिला मदत केंद्रातल्या बाईने आपल्या बायकोला फूस लावून पळवले, अशी मुलाची तक्रार आहे. त्या बाईवर गुन्हा नोंदवायचा की नाही, हे माझ्या सांगण्यावर ठरेल असे साहेब म्हणाले. मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. येताना तो म्हणाला, "आई, एवढंच सांग, की तिनं तुलाही फसवलं." म्हणून घडले ते सांगते.

सुनेचा मोबाइल मुलाने काढून घेतला होता. दर मंगळवारी दुपारी घरच्या फोनवर तिला एका शिंपीणबाईचा फोन यायचा. बाई एकच विचारायची, "बाही लांब ठेवू की आखूड?" सून म्हणायची, "आखूड." मुलाच्या हातचे कितीही लागलेले असो, आखूडच. मी तिला चिडवायची, "अगं, तुझी शिंपीण नुसती तोंडानंच शिवते का? कपडा काही घरात येत नाही तो!" सून हसायची. दिवसभरात तेवढेच.

परवा मंगळवारी मुलाने सुनेला मारले. कारण विचाराल तर दार उघडायला उशीर झाला. मी मध्ये पडले, मला बाजूला केले. मला विशेष लागले नाही. मग मला दारावर लक्ष ठेवायला सांगून तो कामावर गेला. फोन वाजला तेव्हा सून न्हाणीघरात नळाखाली हात धरून बसली होती, म्हणून मी उचलला. बाईने नेहमीचे विचारले. मी चुकून म्हणाले, "लांब. चांगली मनगटापर्यंत. आणि अजून किती रखडवणार? आजच्या आज उरका." बाई म्हणाली, "बरं मावशी, निघालेच."

ती आली ती महिला शिपायाला घेऊनच. अंगाने काडी, पण आवाज ठाम. दार उघडे होते तरी ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि सुनेला म्हणाली, "मी आत येऊ का?" मग म्हणाली, "हात बघू का?" मग, "यायचंय का तुम्हाला? नसेल यायचं तरी पुढच्या मंगळवारी माझा फोन येईलच." त्या घरात सुनेला कोणी काही विचारत नसे, सांगत असत. यात फूस कुठे बसते ते साहेबांनीच बघावे. सून म्हणाली, "यायचंय." माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, मोठ्याने म्हणाली.

बाईने तिची कागदपत्रे, औषधे आणि चष्मा आठवणीने घ्यायला लावला. घरातल्या दुसऱ्या कशाला हात लावला नाही. तिच्या पिशवीत चपलांचे दोन जोड होते. घाईत निघालेल्या बायका बहुधा अनवाणी येतात म्हणे. शहाणपण शिकवणारी माणसे मी ढिगाने पाहिली, पण चपला घेऊन येणारी ही पहिलीच. मला तिचे फार कौतुक वाटले, ते जबाबात तसेच लिहावे.

दुसरा जोड तिने माझ्यापुढे ठेवला. "मावशी, तुम्हाला यायचंय?" मी म्हणाले, "गॅसवर दूध आहे." तिने मला विचारून आत जाऊन गॅस बंद केला आणि पुन्हा तेच विचारले. मी गेले नाही. जोड मात्र तिने परत नेला नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'चुकून' हा शब्द लिहून घेणाऱ्या हवालदारांनी माझ्या काळजीपोटी घातला आहे. तो माझा नाही, खोडावा. आखूड म्हणजे नको, लांब म्हणजे न्यायला या, हा बाहीचा अर्थ मला पहिल्याच महिन्यात कळला होता. वरचा पत्ताही सहीनंतर माझा राहणार नाही, चपला मी घालूनच आले आहे. बाकी सर्व माझ्याच तोंडचे आणि खरे आहे.