आठ दिवसांचा पालक

विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रात मुलाखतीला आलेल्या मुलीनं आपल्या पेटीचं झाकण उघडलं, तसे दाराशी बसलेल्या शिपायाचे कान टवकारले.

“आई, हा पालक इतका कोवळा कसा?”

“सकाळी बदलला. मोठ्या माणसांना शिळा दाखवायचा? लाज वाटली बाई.”

“अगं, तोच दाखवायचा होता! बिनविजेच्या पेटीत भाजी आठ दिवस टिकते, याचा पुरावा होता तो. आता कुठल्या तोंडानं आत जाऊ?”

“मला मेलीला काय ठाऊक!”

“जुना फेकलास?”

“छे! पिशवीत आहे. संध्याकाळी भाजी करीन म्हटलं.”

“आठ दिवसांच्या पालकाची?”

“मग? चांगला हिरवागार आहे, टाकवेना.”

शिपायानं सुस्कारा सोडला आणि दार उघडलं.

“मावशी, तुम्हीपण आत चला. हे अस्संच बोला.”