नऊ नग

अहो, ठणठणीत कशी असेल, मिस्त्री? परत एकदा बघा की. अकरा वर्षांची गाडी — चाळिशी उलटलेल्या माणसाला तपासलं तरी काहीतरी निघतंच, आणि तुम्ही म्हणताय ब्रेक चांगले, क्लच चांगला, रेडिएटर चांगला — म्हणजे हिच्यात वाईट असं काही नाहीच? आणि तो आवाज? वळताना येतो तो, कुईं असा — वायपरचा? वायपर बंद असतानाही येतो हो. बरं, कधीकधी येतो. बरं बाबा, एकदाच आला होता. हसू नका. अर्धी रजा टाकून आलेय मी — पोस्टात पार्सलच्या खिडकीवर असते — तिथं दुसऱ्या बाईला बसवून आलेय, आणि ती बाई एक शिक्का धड मारत नाही, उद्या लोकांची बोलणी मीच खायची.

आता स्पष्टच सांगते. आमच्या घरी तीन आठवडे एकच विषय चाललाय — गाडीनं जायचं की विमानानं. नणंदेनं समुद्राकाठी घर घेतलंय भाड्यानं, आठ दिवस सगळ्यांनी एकत्र राहायचं. गाडीनं सोळा तास, विमानानं दोन. आमच्या ह्यांचं म्हणणं गाडी. 'गाडी हाताशी असली की माणूस राजा' — हे ठरलेलं वाक्य, अगदी हात वर करून. मुलगा म्हणतो विमान, मुलगी म्हणते विमान, सासूबाई म्हणतात मुलगा म्हणेल ते — त्यांचा मुलगा, माझा नव्हे. मला कुणी विचारलं नाही, पण मी आपणहून विमान म्हटलं. तीनदा म्हटलं. शेवटी परवा जेवताना ह्यांनी ताट पुढं सारलं आणि निकाल दिला — मिस्त्री सांगेल ते खरं, तो नको म्हणाला तर विमान, हो म्हणाला तर गाडी, यावर आता वाद नको. बघा, तुमच्या शब्दाला आमच्या घरात केवढा मान! वीस वर्षांत माझ्या नाही आला वाट्याला. तेव्हा मीच म्हटलं, मी नेते दाखवायला. आता आलं ध्यानात? तुम्ही एवढंच म्हणायचं — क्लचप्लेट गेलीय, लांबच्या रस्त्याला नेऊ नका. बास. आम्ही जाऊन आलो की बदलली म्हणून सांगा.

खोटं बोलत नाही म्हणजे? अहो, शपथेवर कुठं सांगताय, क्लचप्लेटचं तर खोटं! ह्यांच्या वडिलांपासून गाड्या तुमच्याकडे येतायत, मान्य — म्हणून तर तुमच्याकडे आलेय ना, दुसऱ्या कुणाचं ऐकणार आहेत का ते?

कारण काय विचारता, एक का दोन आहेत? बसते जरा या टायरवर — नको, पुसू नका, साडी जुनीच आहे. आता बघा, पुढं हे आणि मुलगा, त्याचे पाय लांब म्हणून. मागं एका खिडकीशी सासूबाई, त्यांना मळमळतं. दुसऱ्या खिडकीशी मुलगी, तिला कानात गाणी घालून बाहेर बघायचं असतं. आणि मधला तो उंचवटा आहे ना, तो माझा. सोळा तास गुडघे हनुवटीला. याला बाटली दे, तिला गोळी दे, सासूबाईंची उशी सरकली ती सारखी कर — आणि काच खाली करायची म्हटलं तर माझ्या वाटणीला काचच नाही. हे रस्ता चुकले की गप्प. चुकलो म्हणायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि गाडीत मग कुणी ब्र काढायची सोय नाही. एकदा तासभर सगळे नुसते श्वास घेत बसलो होतो.

छे, तेवढ्यासाठी नाही हो. उंचवट्याला काय, बूड सरावतं. घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. आमच्याकडे नग मोजायची पद्धत आहे. सासूबाईंची. त्या लहान असताना एका प्रवासात त्यांच्या आईची ट्रंक मागं राहिली, ती कधी मिळालीच नाही — तेव्हापासून गाडी जिथं जिथं थांबेल तिथून निघताना सगळे नग मोजायचे. मोठ्यानं. डिकीत सहा, ते नुसते बोटानं ठोकून मोजतात, मग त्यांची उशी सात, खाऊची पिशवी आठ, आणि मागच्या सीटवर माझी पर्स, ती नववी. 'नऊ नग झाले, चल रे' — असं त्यांनी म्हटल्याशिवाय हे चावी फिरवत नाहीत. माणसं कुणी मोजत नाही. माणसं काय, असतातच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच लांबचा रस्ता, पेट्रोल पंपावर थांबलो, मी मागच्या बाजूला गेले हात धुवायला. पर्स सीटवर. परत येऊन बघते तर गाडी नाही. आधी वाटलं हवा भरायला गेले असतील. मग लक्षात आलं — नऊ नग झाले होते.

हसलात ना? हसा, सगळेच हसतात. आमच्या घरातला पेटंट किस्सा आहे तो, कोण पाहुणा आला की हे रंगवून सांगतात — मी पण हसते, चहा ओतता ओतता. पंचावन्न मिनिटांनी आले परत. कळलं कधी माहितेय? मुलीला बिस्किटं हवी झाली तेव्हा. 'आई, पुडा दे,' म्हणाली, दोनदा म्हणाली, पुडा आला नाही, तेव्हा वळून बघितलं. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या हे मलाच — 'अगं, हाक तरी मारायचीस!' सासूबाई आतून — 'नग तर बरोबर नऊ होते गं.' त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, तसं नाही. वाटेत माझ्यासाठी आइस्क्रीम घेतलं सगळ्यांनी. आणि मी परत उंचवट्यावर.

काय म्हणालात? त्या पंचावन्न मिनिटांत मी काय केलं? — बघा, चार वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला. काय करणार? फोन पर्समध्ये, पैसे पर्समध्ये. झाडूवाल्या बाईनं तिच्या डब्याच्या झाकणात मला चहा दिला. बाकावर बसले. पाय लांब केले, अगदी लांब, असे. घाबरले? तेच तर ना मिस्त्री, पहिली पाच मिनिटं घाबरले आणि मग — कसं सांगू — कुणालाच काही नको होतं माझ्याकडून. वारा होता. मी चहा गरम असताना प्यायले.

आणि मग ती बस आली. लाल पाटीची, अकरा चाळीसची. पंपावर थांबते दहा मिनिटं. कंडक्टरनं विचारलं, बसताय का? मी म्हटलं, पैसे नाहीत. तो म्हणाला, पुढच्या गावी द्या, चढा. सहज म्हणाला हो, रोज शंभर जणांना म्हणत असेल. आणि मी पायरीवर पाय ठेवला. एक. हा उजवा. दांडी धरली. मुलं? हो, तुम्ही ते विचारणारच. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मला ती आठवली नाही हो. आठवून मागं फिरले असते तर आज कुणालाही सांगितलं असतं ताठ मानेनं. आठवलीच नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी दचकले, पाय खाली आला, आणि बस गेली. एवढंच. हॉर्न थोडा उशिरा दिला असता तर — हे सांगायचं नव्हतं मला. क्लचप्लेटबद्दल बोलायला आले होते मी.

कुठे जात होती ती? नाव नाही सांगायची. उद्या कुणी तुम्हाला विचारलं तर? पाटी अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या. आणि खोटं कशाला बोलू, गेल्या महिन्यात चौकशी पण केली, आमच्याच पोस्टाच्या फोनवरून — पार्सल पाठवायचंय म्हणून. वेळ तीच आहे. अकरा चाळीस. आणि रस्ताही तोच, पंपही तोच, हे ठरलेल्या पंपाशिवाय दुसरीकडे पेट्रोल भरत नाहीत. म्हणून म्हणते विमान बरं. विमानाचं दार एकदा लागलं की लागलं. पट्टा बांधला की बांधला. वाटेत कुणी विचारत नाही, बसताय का. मला गाडीची भीती नाही वाटत, मिस्त्री. ह्यांनी मला परत विसरण्याचीही नाही.

थांबा, फोन. त्यांचाच असणार.

काय? आता सांगता म्हणता? क्लचप्लेट गेली म्हणून सांगता, माझ्यासाठी? — नको, हात पुसू नका, राहू द्या. थांबा. दोन मिनिटं थांबा.

हॅलो — हो, गॅरेजमध्येच. हो, बघितली, सगळी बघितली, खालून वरून. अहो, त्यांना कशाला देऊ फोन, त्यांचे हात ऑइलनं भरलेत, मी सांगते ना. ठणठणीत आहे म्हणाले. हो. तसंच म्हणाले, डोळे मिटून न्या. हो, गाडीनंच जाऊ. नाही, चिडले कुठं? बरं, ऐका, आईंना सांगून ठेवा, यंदा नग आठच धरायचे. नाही, सामान तेवढंच आहे. पर्स मी माझ्याजवळ ठेवणार आहे. हो, उतरताना पण. ठेवते.

काय बघताय, मिस्त्री? चावी द्या. वायपर राहू द्या, काही झालेलं नाही त्याला. सरका तिकडे, गाडी काढू द्या मला.