मारियाचं कार्ड

आमचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, तीही ह्यांच्या संशोधनामुळे! हे तेव्हा मुंबईत प्रयोगशाळेत होते. उंदरांमुळे होणाऱ्या तापावरचा त्यांचा लेख परदेशी मासिकात छापून आला होता. आमचे आबा कर्जतला रेल्वेत. इंग्रजी अक्षरं लावून वाचायचे. साखरपुड्यानंतर ते पळसदरीला ह्यांच्या घरी गेले, तर टेबलावर परदेशी तिकिटं लावलेल्या कार्डांचा गठ्ठा. हेच ती कौतुकाने घरी घेऊन आले होते.

"ही मारिया कोन?"

"ओळखत नाही, आबा."

"वळखत नाय, मग कार्ड कसं लिवते?"

"माझ्या लेखाची प्रत मागतेय."

"आन ही हेलन?"

"तीसुद्धा. अशी जितकी जास्त कार्डं येतील, तितकं आमच्यात नाव मोठं."

आबा घरी येऊन आईला म्हणाले, "लाजत पन नाय गं, वर फुशारकी मारतोय!"

शेवटी माझ्या मास्तर मामांनी सगळी कार्डं वाचून अर्थ सांगितला, तेव्हा कुठे लग्न लागलं. आबांच्या मनातला संशय काही गेला नाही.

ह्यांच्या पुढच्या लेखाला एकही कार्ड आलं नाही. हे तोंड पाडून बसले. आबा मात्र आईच्या कानाशी लागून म्हणाले, "लगीन झाल्यापासून सुधारला गं पोरगा."