झेमोराला पंचामृत

...आणि वर मलाच विचारतात, "पण दही कशाला घातलं?" अहो, पंचामृत म्हटल्यावर दही येणारच ना त्यात? दह्याशिवाय पंचामृत करतात का कुठे? पण नाही, कॉलेज रोडच्या सर्व्हिस सेंटरपासून आमच्या जेलरोडच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय, दिवाकररावांनी स्वतःच्या फोनवर दही का ओतलं. श्रद्धेचं कुणी विचारत नाही, दह्याचं विचारतात.

तुम्हाला सांगतो, मी झेमोराचा माणूस. म्हणजे कंपनीत कामाला नाही हां, नोकरी माझी पाटबंधारे खात्यात, टेबलावर धरणांच्या फायली, पण माणूस मी झेमोराचा. फोन झेमोरा, घड्याळ झेमोरा, कानात घालायचं ते झेमोरा, आणि मध्ये कंपनीनं हवा शुद्ध करायचं यंत्र काढलं होतं ना, तेसुद्धा आहे आमच्याकडे, श्यामला, म्हणजे आमची मंडळी, त्याच्यावर टॉवेल वाळत घालते. साडूंना झेमोरा घ्यायला लावला, ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना लावला, आणि त्यांचे बिघडले की बोलावणं मला! लग्नाच्या पंगतीत बसलो तरी शेजारचा पानावरून फोन पुढे करणार, "दिवाकरराव, हा एवढा तापतो का हो?" मी म्हणायचो, तापू द्या, थंडीत बरा. हळूहळू एकेकानं पक्ष बदलला. आमच्या पोटच्या पोरीनं, आभानं, नोकरी लागल्या लागल्या फोन घेतला तो त्या दुसऱ्या कंपनीचा. नाव मी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत ना, तसं, फक्त कारण उलटं. सगळे गेले, मी आहे तिथेच. काय करणार, श्रद्धा आहे.

बरं, मी कंपनीकडे मागत होतो काय? काही नाही हो. एकच इच्छा होती, की एकदा, आयुष्यात एकदा, त्यांना माझं नाव कळावं. इतकी वर्षं लिहितोय त्यांना. दरवर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो, म्हणजे कंपनीच्या वाढदिवसाच्या, उत्तर येतं, "प्रिय ग्राहक". दिवाळीला पाठवतो, "प्रिय ग्राहक". एकदा वैतागून मजकूर काही लिहिलाच नाही, नुसतं दिवाकर, दिवाकर, दिवाकर. उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, आपली तक्रार समजली नाही." हसा तुम्ही, पण वाईट वाटतं हो. खरंच वाईट वाटतं.

तर यंदा नवरात्रात कंपनीनं स्पर्धा काढली. झेमोरावरचं आपलं प्रेम व्हिडिओत दाखवा, जो जिंकेल त्याला बंगळुरूला नव्या फोनच्या लाँचला बोलावणार आणि स्टेजवर त्याचं नाव पुकारणार. नाव पुकारणार! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. श्यामला म्हणाली, "अहो, ॲसिडिटी झालीय का?" आता हिला काय सांगू...

आणि खंडेनवमी आली की तोंडावर. आता खंडेनवमीला आपल्याकडे जो तो आपापलं हत्यार पुजतो. गवंडी थापी पुजतो, श्यामला विळी आणि मिक्सर पुजते, मी फोन पुजतो, दरवर्षी. पण गंध लावून फूल वाहिलेले फोन त्या स्पर्धेत ढिगानं येणार, आपलं काहीतरी वेगळं पाहिजे, आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, अभिषेक! झेमोराच्या जाहिरातीत तो फोन माशांच्या टाकीत पडलेला असतो हो, त्यातली बाई तो बाहेर काढते, पदराला पुसते आणि आईशी बोलायला लागते. मग मी का भ्यायचं?

लगेच धवलला बोलावलं. धवल म्हणजे माझा चुलतभाऊ, त्र्यंबकेश्वरला पूजा सांगतो, कामात एकदम चोख. आला, सोवळं नेसला, पाटावर बघतो तर ताम्हणात फोन.

"दादा, मूर्ती कुठंय?"

म्हटलं, "हीच."

"दादा, हत्यारांना पंचामृत नसतं. गंध, फूल, अक्षता, झालं."

"धवल, तुझा देवावर विश्वास आहे ना? तसा माझा ह्याच्यावर आहे. तू घाल."

तर आभा मध्येच, "बाबा, वॉटरप्रूफ म्हणजे वॉटर. दूध नाही." म्हटलं, दुधात काय असतं गं? आपल्या दूधवाल्याला विचार. आणि शूटिंग तुला करायचंय, तू तुझा तो फोन काढ. काय करता, माझा ताम्हणात! देव ताम्हणात बसल्यावर फोटो कुणीतरी बाहेरच्यानंच काढायचा ना...

झालं सुरू. आधी दूध. धवलचा आवाज काय खणखणीत, आणि फोन असा झळकतोय, चालू, एकदम चालू! मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "बघा, ह्याला म्हणतात झेमोरा." मग दही. आता दह्याचं काय होतं, ते घसरतं हो. ते स्क्रीनवरून असं सावकाश खाली सरकलं, आणि सरकता सरकता त्यानं फोन लावला. कुणाला? आमच्या साहेबांना! आतून आवाज, "हॅलो... दिवाकर? बोल." इकडे धवलचे मंत्र चालूच. "दिवाकर, कोण गेलं रे?" मी ओरडतोय, "कुणी नाही साहेब, दही आहे!" तोवर धवलनं तूप ओतलं, तूप गेलं स्पीकरच्या भोकात आणि साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांब लांब जात गेला, "दिवाकर... घरी सगळं ठीक आहे ना..." आणि बंद. मी म्हटलं, धवल, थांब. तर धवल म्हणतो, "आता मध्येच सोडता येत नाही, दादा. मध आणि साखर राहिलीय." सोडता येत नाही म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? मध पडला. साखर पडली, चार्जिंगच्या भोकात तर अशी भरून बसली. आणि मग फोन एकदा थरथरला, सगळ्या अंगानं थरथरला आणि काळा पडला. धवलनं हात जोडले. आभानं फोन खाली केला. श्यामला म्हणाली, "मी तांदळाचा डबा आणते."

भिजलेला फोन तांदळात ठेवतात म्हणे. ठेवला. सकाळी डबा उघडला तर फोन तसाच, काळा ठिक्कर, आणि तांदळाला मुंग्या. सगळा इंद्रायणी. श्यामला नुसतं सूप घेऊन माझ्यासमोर तांदूळ पाखडत बसली, संध्याकाळपर्यंत. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर मुलगी, छातीवर बिल्ला, हर्षाली. फोन हातात घेतला, वास घेतला.

"सर, लिक्विड डॅमेज आहे. काय सांडलं?"

म्हटलं, "सांडलं नाही, घातलं. पंचामृत."

तर मी पंचामृत म्हटल्याबरोबर त्या पोरीनं टेबलाखाली चप्पल काढली हो! संस्कार असतात माणसावर. बोटाला लागलेलं पुसावं की तोंडात घालावं, तेही तिला कळेना. मग कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली. "सर, सिस्टीममध्ये चहा आहे, कॉफी आहे, समुद्राचं पाणी आहे... पंचामृत नाहीये. अदर्स टाकू?"

अदर्स! ज्याच्यासाठी मी जगाशी भांडलो, त्याच्या शेवटच्या कागदावर माझ्या भक्तीचं नाव अदर्स. म्हटलं, टाका. "वॉरंटीत बसणार नाही हं सर. आणि दुरुस्तही नाही होणार, आतमध्ये सगळं... चिकटलंय." काय करणार, श्रद्धा आहे, ती चिकटतेच.

पण व्हिडिओ होता ना! फोन गेला तो भाग आभानं कापला होता, दुधाचा आणि दह्याचा अर्धा ठेवला होता, आणि खंडेनवमीच्याच दिवशी स्पर्धेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, टाकूनही दिला होता. फोन जाऊ दे, म्हटलं, नाव पुकारतील. वाट बघत बसलो. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडतो तर झेमोराप्रेमींच्या ग्रुपवर शिव्या सुरू. गद्दार म्हणे! मी? मी गद्दार? आभाला म्हटलं, बघ गं काय झालंय. तिनं व्हिडिओ लावला, ओठ चावला. "बाबा... खाली कोपऱ्यात बघा." बघतो तर काय, दूध पडतंय झेमोरावर, मंत्र चाललेत झेमोरासाठी, आणि खाली पांढऱ्या ठसठशीत अक्षरात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या दुसऱ्या कंपनीचं नाव. "बाबा, ते आपोआप येतं. बंद करायचं राहिलं." राहिलं! अहो, लेकीच्या लग्नाची पत्रिका छापावी आणि खाली भलत्याच मुलाचं नाव यावं, तसं झालं हो ते.

झेमोरानं मला ग्रुपवरून काढलं. सभासदत्व रद्द, खातं बंद. मेल आला, "प्रिय ग्राहक, आपण अन्य ब्रँडचा प्रचार केल्याचे आढळून आले आहे." काढतानासुद्धा प्रिय ग्राहक. त्या दिवशी मी टेरेसवर जाऊन बसलो. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.

आणि तुम्हाला सांगतो, दिवाळीच्या आधी आभाच्या फोनवर फोन आला. गोड आवाज. "नमस्कार, दिवाकरजी बोलताय ना?" म्हटलं, हो... "दिवाकरजी, तुमचा फोन गेल्याचं आभाजींकडून कळलं, आम्हाला फार वाईट वाटलं. दिवाकरजी, व्हिडिओ किती सुंदर आलाय तुमचा." कोण? ती दुसरी कंपनी! एका दमात माझं नाव इतक्या वेळा माझ्या आईनंसुद्धा घेतलं नव्हतं. दिवाळीला घरी खोकं आलं. नवा फोन, आणि पाठीवर कोरलेलं, दिवाकर. आभा नाचली, श्यामलानं ओवाळला, दुरूनच, कोरड्या हातानं. मी म्हटलं, परत पाठवा. श्यामला म्हणाली, "पाठवा, आणि साहेबांना रोज माझ्या फोनवरून फोन करा." ठेवला मग.

परवा झेमोराचं लाँच झालं. बघितलं, त्याच फोनवर बघितलं, दुसरा आहे कुठे? आणि खोटं कशाला बोलू, चित्र काय स्वच्छ दिसत होतं. स्टेजवर कुणाचं तरी नाव पुकारलं, नीट ऐकलं नाही मी, डोळ्यांत पाणी आलं होतं. जुनं खातं बंद केलेलं, म्हणून नवीन उघडलं आणि खाली लिहिलं, जय झेमोरा, अभिनंदन. आणि काय सांगू, मिनिटभरात कंपनीचं उत्तर! "नमस्कार दिवाकर." छाती अशी भरून आली... पुढे लिहिलं होतं, "आपण कधी झेमोरा वापरून बघितलाय का?"

मी डोळे पुसले, ओळ परत वाचली. मग लिहिलं, नाही हो. पण चांगला असतो म्हणतात.