माडाच्या बुडात ओतलेला चीक

मी, चंद्रावती काशीराम मोंडकर, वय ३४, धंदा लोकल बोर्डाची सुईण, राहणार मसुरे, तालुका मालवण. आज ता. २० नोव्हेंबर १९५८ रोजी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे.

दाजी परब यांची तक्रार मला वाचून दाखवली. मी त्यांच्या घरात शिरून एका दिवसाचा नातू हिसकावला आणि त्याला नासके दूध पाजले, असे त्यांचे म्हणणे आहे. माझी नोकरी जावी म्हणून त्यांनी बोर्डाकडेही अर्ज दिला आहे.

त्यांची सून सुगंधा सोमवारी सकाळी सातला बाळंत झाली. मला कळवले नाही. मंगळवारी दहाला मी आपणहून गेले. मूल वजनाने चार रत्तलही नव्हते. पाय गार, अंग ढिले. हात थरथरत होते. धरले की थांबत, सोडले की पुन्हा सुरू. तळव्यावर टिचकी मारली तर नुसते कण्हले.

दाजींच्या पत्नी यशोदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "गुणी आसा गो माझो नातू. कालधरना रडाक नाय."

काय पाजले, असे विचारले. काहीच नाही, असे त्या म्हणाल्या. "पयलो मध आत्येन चाटवचो, तो तिचो मान. प्रेमलता मुंबयसून आगबोटीन येतली, मगे दूध." वाऱ्यामुळे बोट रखडली होती.

सुगंधाला आलेला चीक, म्हणजे पहिले पिवळट दूध, यशोदाबाईंनी नासका म्हणून करवंटीत पिळून माडाच्या बुडात ओतला होता. करवंटीला मुंग्या लागल्या होत्या. माडाला पाजले आणि पोराला उपाशी ठेवले. मला किळस आली. बाळामागून पडणाऱ्या वारेची मला किळस येत नाही, ती मी रोज हाताने उचलते.

नाळ कापली की पोराचे पोटातले पोषण तुटते. लहानखुऱ्या पोराच्या अंगात साठा नसतो. रक्तातली साखर उतरली की ते रडत नाही, थरथरते, मग झटके येतात आणि जाते. त्याला ही माणसे गुणी म्हणतात. गेल्या वर्षी सुगंधाची मुलगी अशीच दुसऱ्या दिवशी गेली. तीही गुणी होती.

यशोदाबाई आडव्या आल्या. मी त्यांना ढकलले, मूल उचलले, चीक चमच्यात पिळला आणि थेंब थेंब जिभेवर सोडला. मग मूल आईच्या उघड्या छातीशी ठेवले. दाजींनी माझी पिशवी अंगणात फेकली. सुगंधा भिंतीकडे तोंड करून होती. माझ्या पदराचे टोक तिने मुठीत धरले होते, ते शेवटपर्यंत सोडले नाही. पाऊण तासाने मूल मोठ्याने रडले.

बुधवारी आत्या आली. तिने मध चाटवला. तिचा मान राहिला.

सुगंधाने पाजायला सांगितले होते का, असे फौजदारांनी विचारले. नाही. तिला त्याच घरात राहायचे आहे. जबरदस्ती मी केली, तसेच लिहावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. 'जबरदस्ती' हा शब्द खोडू नये.