रांजणाच्या पेटीतली चकती

—नाही, नाही, तिथे नका बसू ताई, ती खुर्ची आता वस्तू आहे. हो, खरंच! तीस वर्षं मी तिच्यावर बसून या दालनाचा पहारा केला, गेल्या साली नव्या संचालकबाई आल्या, त्यांनी तिच्याभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली — 'श्रमाची खुर्ची'. खुर्चीला मान मिळाला, मी उभा. तुम्ही बाकावर बसा, बाक अजून बाकच आहे. हां. टोपी राहू द्या कानांवर, इथे मुद्दाम गारवा ठेवतात, वस्तूंना बाधू नये म्हणून — माणसांचं काय व्हायचं ते होवो. आणि एक बरं केलंत, खाली ते कानात घालायचं बोलकं यंत्र देतात, ते घेतलं नाहीत. जो तो कान बुजवून फिरतो हल्ली. तुम्ही बघा, कशी मान डोलावताय. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

हा माझा सदरा बघितलात? पाठीवर लिहिलंय, 'मला विचारा'. पूर्वी मी पहारेकरी होतो, आता मी 'अनुभव-सोबती' आहे. पगार तोच. इतकी वर्षं 'हात लावू नका, हात लावू नका' म्हणून घसा बसला, आता म्हणायचं, हात लावा, वास घ्या, काय वाटतं ते मोकळेपणी सांगा. काय वाटतं? भूक लागलीय असं वाटतं! चारांतले तिघे मला चहा कुठे मिळतो तेच विचारतात. चौथा विचारतो आरसेखोली. चारी भिंतींना आरसे, आत वस्तू एक नाही, आणि बाहेर ही रांग — माणसं दोन-दोन तास प्रवास करून येतात, स्वतःलाच बघतात, फोटो काढतात आणि घरी जातात. मध्यंतरी भविष्याचे सल्लागार आले होते. हसताय काय, असतात! त्यांनी सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या — दहा वर्षांनी आपलं संग्रहालय कसं असेल, एका वाक्यात लिहा. मी लिहिलं, 'सोमवारी बंद'. सगळे खो-खो हसले. मी विनोद केला नव्हता.

अर्थात सगळंच खुळ्यासारखं चाललंय असं नाही हं, उगाच खोटं कशाला बोलू? त्या कोपऱ्यात एक मुखवटा होता, तो ज्यांचा होता त्यांना परत दिला. तीन म्हाताऱ्या आल्या होत्या न्यायला. काच उघडल्याबरोबर एकीने त्याला असा दम भरला — इतकी वर्षं होतास कुठे, म्हणून! मी आपला खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. ज्याचं त्याला मिळावं, एवढं मलाही कळतं.

पण ही चकती — तुमच्या हातात आहे ना, तिकिटाबरोबर मिळालेली — ही कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. प्रत्येक वस्तूपुढे काचेची पेटी. जी वस्तू आवडली तिच्या पेटीत चकती टाकायची, वर आकडा दिसतो. तज्ज्ञांची दादागिरी संपली म्हणे, आता लोकच ठरवणार. महिन्याअखेर जी वस्तू तळाला, ती तळघरात. आणि जी सलग दोन महिने पहिली, ती दोन वर्षं दौऱ्यावर, गावोगावच्या मॉलमध्ये. एका बाजूला चपला, एका बाजूला उशा, मध्ये आपली हजार वर्षांपूर्वीची वस्तू!

आता हा समोरचा रांजण घ्या. दिसायला काय आहे? काही नाही. धान्य साठवायचा, फुटला, पुरला गेला, सापडला. पहिल्या महिन्यात पंधरा दिवसांत त्याला चार चकत्या पडल्या, त्यातली एक माझी. म्हणजे तळघर ठरलेलंच. मग मी काय करणार? चकत्या तेव्हा खाली टोपलीत उघड्याच पडलेल्या असायच्या — मी येता-जाता एक मूठ उचलायचो आणि टाकायचो पेटीत. रोज एक मूठ. आता मुठीचा काय अंदाज येतो का माणसाला? महिन्याअखेर रांजण पहिला! ती सोनेरी बग्गी आहे ना डावीकडे, तिच्याही वर! संचालकबाईंचे डोळे भरून आले. सल्लागारांनी साठ पानांचा अहवाल लिहिला — समाजाला साधेपणाची ओढ लागलीय, मातीकडे परतण्याची लाट आलीय, संग्रहालयांचं भविष्य हेच. ताई, ती लाट म्हणजे ही मूठ. ही, उजवी! आणि गंमत बघा, पहिला आला म्हटल्यावर लोक खरंच रांजण बघायला यायला लागले. या महिन्यात एक चकती माझी नाही, टोपलीला कुलूप आहे, तिकिटामागे एक मोजून देतात — तरी चकत्या पडतायत ढिगाने. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

जाईना का दौऱ्यावर, म्हणाल तुम्ही. जाऊ दिला असता हो. पण न्यायच्या आधी जुनी डागडुजी खरवडून काढतात, नवा मसाला भरतात, प्रवासात टिकायला हवी म्हणून. आणि ती डागडुजी — ती आमच्या हिने केलीय. खालच्या दुरुस्तीच्या खोलीत होती ही. एक्केचाळीस तुकडे, सात महिने. घरी यायची ती नखांत माती घेऊन, जेवताना सुद्धा बोटांनी ताटात तुकडे जुळवायची. एक तुकडा सापडलाच नाही. तिथे तिने भराव घातला — तो काठाखाली जरा फिका दिसतो ना, तो. आणि भराव ओला असताना आतून अंगठा टेकवला. मी म्हटलं, अगं, साहेब ओरडतील. तर म्हणते, आत कोण बघतंय?

मी बघतो. रोज सकाळी, दालन उघडायच्या आधी, बॅटरी मारून. सहा वर्षं झाली तिला जाऊन. फोटो आहेत घरी, नाही असं नाही, पण फोटोत ती नुसती दिसते, इथे तिने हात टेकवलाय. हे मी कोणाला सांगितलं नाही हं, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, का कोण जाणे. आठ महिन्यांनी मी निवृत्त होतो, मग खुशाल नेऊ देत — नाही, खुशाल नाही. मग मी तिकीट काढून येईन.

तर आता आकडे बघा. आज महिन्याचा शेवटचा दिवस, दालनात शेवटच्या तुम्हीच. रांजण पाचशे बारा, बग्गी पाचशे अकरा. बरोबरी झाली की पहिलं कोणीच नाही, दौरा रद्द. तेव्हा तुमची ही चकती तेवढी बग्गीच्या पेटीत — उठलात? वा, वा, मनकवड्या आहात अगदी. डावीकडे, ताई. बग्गी डावीकडे. नाही, तो रांजण झाला. आधी जवळून बघायचाय का? बघा की, बघा, बॅटरी देतो मी — अहो. अहो ताई! तिथे नको —

पाचशे तेरा.

टोपी काढलीत. ते कानात काय लुकलुकतंय? यंत्र. घेतलं होतंत होय. आणि त्यात ती बाई सांगते ना शेवटी, 'लोकांच्या लाडक्या रांजणाला आपलीही चकती द्या'. आलं लक्षात.

काय? मी काय म्हणत होतो?

काही नाही. साडेपाच झाले, दालन बंद होतंय. बाहेरचा रस्ता आरसेखोलीतून आहे.