चौघांत चोवीस लाडू

निलंग्याच्या बसस्थानकात लातूरच्या गाडीची वाट बघत सादिया मांडीवरच्या लेकीला, लायबाला ओढणीनं वारा घालत होती. शेजारच्या बाईनं फोन ठेवला आणि पोटाशी धरलेल्या डब्याकडं बघत ती लेकीला म्हणाली,

"वर्षा, दादाच्या खोलीवर चौथा पोरगा आलाय राहायला."

"मग लाडू?"

"तेच की. मी तिघांच्या हिशोबानं चोवीस वळले. रोज एकेक, आठ दिवस. नवव्या दिवशी त्यो सुट्टीला घरीच."

"आता चौघांत सहाच दिवस पुरतील."

"म्हंजी दोन दिवस लेकराच्या तोंडात घरचं काई न्हाई."

"दादाला सांग, नव्याला देऊ नको."

"वा गं शाणी. त्याला काय आई न्हाई? वाटे सारखेच पडले पाहिजेत."

लेक बोटं मोजू लागली.

"आई, बत्तीस लागतेत. चार आठे बत्तीस."

"आता कुठून आणू? चूल सोबत घेऊन फिरते का मी?"

"माझ्या पिशवीतल्या डब्यात आठ हायत की."

"ते तुझे हायत, बाई."

"मी तर घरीच हाय."

सादियाचा वारा घालणारा हात थांबला.

"एक तरी ठेव तुला," बाई लेकीला म्हणाली.

"मग वाटे सारखे पडत न्हाईत."

आठही लाडू मोठ्या डब्यात गेले. झाकण मात्र बाईच्यानं लवकर लागेना.

"दोन सालांनी तुझा बी डबा भरावा लागंल मला."

"तवा खोलीत किती पोरी हायत, ते आधी विचारून घे."